जुन्या गाडीचे शॉकअप : कंपनीचे की गॅसचे?

बाळा, पद्मिनी घेतलीस, बरं केलंस. पण पहिल्याच घाटातून परत आल्यावर "काका, गाडी उडते, शॉकअप ओरिजिनल टाकू की गॅसचे?" असं विचारलंस तेव्हा फोनवर उत्तर द्यायचं मी मुद्दाम टाळलं. हे 'हे टाक, ते टाकू नको' असं एका वाक्यात उरकण्यासारखं नाही. तुझी मित्रमंडळी म्हणतात, गॅसचे टाक, गाडी रस्त्याला चिकटून चालेल. जुनी माणसं म्हणतात, कंपनीनं दिले होते तेच टाक, कंपनीला काय अक्कल नव्हती? दोघांचंही अर्धं अर्धं खरं आहे. उरलेलं तुझ्या गाडीच्या खाली आहे, आणि ते बघितल्याशिवाय पाकिटाला हात लावू नकोस.

म्हणून हे सगळं लिहून पाठवतोय. गॅरेजला जाताना सोबत ने.

वजन स्प्रिंग उचलते, शॉकअप नाही

ही पहिली गोष्ट डोक्यात पक्की कर. तुझ्या पद्मिनीला पुढे दोन्ही चाकांना स्वतंत्र विशबोन आणि कॉइल स्प्रिंग आहेत. मागे सरळ ॲक्सल आणि पाटे. गाडीचं साधारण ९०० किलोचं वजन या स्प्रिंगांवर आणि पाट्यांवर आहे. शॉकअपचं काम एवढंच की दबलेली स्प्रिंग पुन्हा पुन्हा उसळत राहू नये. आतल्या तेलाला पिस्टनच्या बारीक भोकांतून आणि व्हॉल्व्हमधून वाट काढावी लागते, त्यात उसळीचा जोर जिरतो आणि त्याची उष्णता होते. खराब रस्त्यावरून आल्याबरोबर शॉकअपला हात लावून बघ, कोमट लागला पाहिजे. तीन कोमट आणि एक गार असेल, तर तो गार शॉकअप काम करत नाही. दाराला क्लोझर लावतात तो दार आपटू नये म्हणून, दार पेलायला नव्हे, इथेही तसंच.

म्हणून गाडी मागून बसली असेल, डिकीत दोन बॅगा टाकल्यावर टायर मडगार्डला घासत असेल, तर दुखणं पाट्यांचं आहे. त्यावर महागातला शॉकअप टाकून उपयोग नाही. पाटे उतरवून घे, प्रत्येक पान तपास, तडा गेलेलं पान बदल, कमान उतरली असेल तर पाटेवाल्याकडून चढवून घे, गंज घासून पानांमध्ये ग्रीस मारून पुन्हा बांध.

गाडी पूर्वी टॅक्सी होती का, हेही कागदांत बघ. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली, आणि २० वर्षांची मुदत भरल्यावर ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती रस्त्यावरून उतरली. टॅक्सीतून खासगी झालेल्या गाडीच्या डिकीत सीएनजीची टाकी राहून गेलेली असते, आणि त्या वजनासाठी मागे जादा पाटा टाकलेला असू शकतो. टाकी काढली आणि पाटा तसाच राहिला, तर रिकामी गाडी मागून ताठ होते आणि स्पीडब्रेकरवर उसळी मारते. मालक म्हणतो शॉकअप गेले, पण जादा पाटा काढला की निम्मी तक्रार मिटते.

आधी निदान, मग खरेदी

गाडी सपाट जागी उभी कर. एकेक कोपरा तळहातांनी दोन-तीनदा जोरात दाब आणि सोड. गाडी वर येऊन एकदाच खाली बसली आणि थांबली तर ठीक. दोन-तीनदा डुलली तर शॉकअप संपला. पण ही परीक्षा फक्त पूर्ण गेलेला शॉकअप पकडते. अर्धवट गेलेला तिच्यातून सुटतो, कारण गंजलेले पाटे आणि सुकलेले बुश स्वतःच गाडीला जखडून ठेवतात. गाडी डुलत नाही म्हणून मालक खूश असतो आणि शॉकअपमध्ये जीव उरलेला नसतो.

मग गाडीखाली जा. शॉकअपच्या अंगावर तेलाचा पातळ घाम असेल तर घाबरू नकोस, दांडा वरखाली होताना सीलवरून थोडं तेल येतंच. पण वरपासून खालपर्यंत ओघळ आलेला असेल आणि त्यावर धुळीचा काळा थर बसला असेल, तर सील गेलं. दोन्ही टोकांचे रबर बुश बघ. शॉकअप हाताने धरून हलव. 'खट' असा आवाज आला तर आधी बुश बदल. खडखडाट बऱ्याच वेळा शॉकअपचा नसून त्या दोन रबरांचा असतो.

टायरवरून आडवा हात फिरव. पट्ट्यावर ठरावीक अंतराने उंचवटे-खळगे लागत असतील, तर चाक रस्त्यावर सलग टेकत नाही. दोषी शॉकअप असेल, बॅलन्सिंग असेल, नाहीतर किंगपिन किंवा व्हील बेअरिंगची ढिलाई. चाक जॅकवर घे, वरखाली धरून हलव. तिथे खेळ असेल तर तो आधी काढ. ढिल्या किंगपिनवर नवा शॉकअप बसवला तर गाडी पूर्वीसारखीच भटकेल आणि तू नव्या शॉकअपला शिव्या देशील.

टायर कुठले आहेत तेही पाहा. या गाड्या नायलॉन टायरच्या जमान्यात आखल्या गेल्या. आज बहुतेकांनी रेडियल टाकलेले असतात. रेडियल वळणावर पकड चांगली देतो, पण कमी वेगात लहान खड्ड्यांवर जास्त ठोकतो. ती ठोक शॉकअपमुळे आहे असं समजून आणखी घट्ट शॉकअप टाकलास, तर त्रास वाढेल. टायरमधली हवा आधी नीट कर. मोठ्या आधुनिक गाडीच्या हिशोबाने ठासून भरलेली हवा निम्म्या पद्मिन्यांत असते.

'ओरिजिनल' म्हणून चार वेगळ्या गोष्टी विकल्या जातात

ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्ट बाजारात जा किंवा पुण्यात नाना पेठेत, दुकानदार तुला 'ओरिजिनल' म्हणून चारपैकी काहीही देईल.

पहिला, जुन्या काळचा न वापरलेला माल. खोकं पिवळं पडलेलं, आत शॉकअप कोरा. दिसायला सोनं. पण पद्मिनीचं उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं, म्हणजे तो माल किमान २५ वर्षांचा. आतलं रबर सील त्या एकाच जागी दबून ताठरलेलं असू शकतं. दुकानातच तो उभा धरून दांडा पूर्ण खेच, पूर्ण दाब, असं आठ-दहा वेळा कर. सगळीकडे सारखा जोर लागला पाहिजे. मध्येच हात सटकला, दांड्यावर गंजाचा ठिपका दिसला किंवा सीलपाशी ओल आली, तर नमस्कार करून निघ. दांड्यावरचा एक गंजठिपका नवं सील काही दिवसांत कापतो.

दुसरा, मूळ मापाचा पण आज बनवलेला माल. बहुतेकांसाठी हाच योग्य. गॅब्रिएल इंडियाने १९६१ मध्ये मुलुंडला शॉकअप बनवायला सुरुवात केली आणि आपल्याकडच्या जुन्या गाड्यांच्या दोन पिढ्या त्यांच्यावर चालल्या. कुठलाही नामांकित ब्रँड घे, पण बॉडीवर ठोकलेला पार्ट नंबर वाच, खोक्यावरच्या नंबराशी जुळव आणि बिल घे.

तिसरा, रिकंडिशन केलेला. इथे डोळे उघडे ठेव. हल्लीचे शॉकअप वरून दाबून बंद केलेले असतात, खोलण्यासाठी बनलेलेच नसतात. काही ठिकाणी बाजूला भोक पाडतात, जाड तेल भरतात, भोक वेल्ड करतात आणि वर चकाचक काळा रंग मारतात. झिजलेला व्हॉल्व्ह आणि झिजलेलं सील आत तसंच. जाड तेलामुळे दुकानात हाताला शॉकअप मस्त घट्ट लागतो. पहाटेच्या थंडीत तो लाकडासारखा होतो, आणि घाटात तेल तापून पातळ झालं की पुन्हा ढिला.

चौथा, सरळसरळ डुप्लिकेट. त्याबद्दल काय लिहायचं? वेल्डिंगचे फुगवटे, खरबरीत क्रोम आणि स्वस्त भाव, तिन्ही एकदम दिसले की समजून जा.

गॅस नेमका कशासाठी असतो

गॅसचा शॉकअप म्हणजे घट्ट शॉकअप, असा सर्रास समज आहे. तसं नाही. गॅसच्या शॉकअपमध्येही काम तेलच करतं. साध्या शॉकअपमध्ये एका नळीत दुसरी नळी असते. बाहेरच्या नळीत थोडं तेल आणि वर मोकळी हवा. सलग खड्ड्यांवरून गाडी गेली की तेल घुसळलं जातं, हवेचे बुडबुडे मिसळतात, तेलाचा फेस होतो. फेस व्हॉल्व्हमधून सहज निघून जातो, म्हणून शॉकअप तेवढ्यापुरता काम सोडतो. तीच हवा काढून नायट्रोजन दाबाखाली भरला की बुडबुडे सहजासहजी होत नाहीत. गॅसचा खरा फायदा हाच, फेस न होणं. म्हणजे लांबच्या, खराब, तापवणाऱ्या रस्त्यावर शॉकअप शेवटपर्यंत सारखा वागतो.

यातही दोन जाती आहेत. दोन नळ्यांचा, कमी दाबाचा गॅस शॉकअप. आणि एकाच नळीचा, जास्त दाबाचा. दुसऱ्यात गॅस आणि तेल यांच्यामध्ये एक तरंगता पिस्टन असतो. ही रचना १९५० च्या दशकात फ्रेंच अभियंता द कार्बाँ यांच्या कामातून पुढे आली आणि जर्मनीच्या बिल्स्टाइनने ती नावारूपाला आणली. तिच्यात दाब २५ बारच्या आसपास असतो. आता हिशोब कर. दांडा ११ मिलिमीटर जाडीचा धरला तर त्याचा छेद जवळपास ९५ चौरस मिलिमीटर होतो. एवढ्या दाबाने तो दांडा सतत साधारण २४ किलोच्या जोराने बाहेर ढकलला जातो. मागे असे दोन बसवलेस की गाडीच्या मागच्या भागाला ४८ किलोचा कायमचा टेकू लागला. ९०० किलोच्या गाडीची मागची बाजू तेवढ्याने थोडी उचलली जाते. आधुनिक, जड गाडीत हे जाणवत नाही, पद्मिनीत जाणवतं. कमी दाबाच्या जातीत हा जोर खूप कमी असतो, म्हणून गॅस घ्यायचाच तर जुन्या हलक्या गाडीला ती जात बरी.

घट्ट म्हणजे चांगला नव्हे

नवा घट्ट शॉकअप टाकून गुळगुळीत रस्त्यावर फेरी मारली की गाडी झकास वाटते. वळणावर कलत नाही, ब्रेक मारल्यावर नाक खुपसत नाही. खरी परीक्षा रंबलरवर आणि उखडलेल्या डांबरावर होते. साधारणपणे शॉकअप दाबताना हलका आणि खेचताना जड ठेवलेला असतो, चाकाला खड्डा गिळता यावा पण स्प्रिंगची उसळी रोखली जावी म्हणून. खेचण्याचा जोर गरजेपेक्षा जास्त झाला, की पहिल्या खड्ड्यात दबलेली स्प्रिंग पूर्ण उघडायच्या आत दुसरा खड्डा येतो, मग तिसरा. गाडी दर खड्ड्याला थोडी थोडी खाली बसत जाते आणि शेवटी रबरी बंप स्टॉपवर आदळते. वरून वाटतं शॉकअप मऊ आहे, असतो उलटा.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. शॉकअपने रोखलेला जोर जातो कुठे? जिथे शॉकअपचं टोक गाडीला बांधलंय तिथे. पन्नास वर्षांच्या गाडीत तिथला पत्रा आतून गंजलेला असतो, वरून अंडरकोटिंगचा जाड थर. मूळ मऊ शॉकअपवर तो अजून दहा वर्षं चालला असता. दुप्पट घट्ट शॉकअपवर तिथे तडा जातो. म्हणून अपग्रेड करायचं ठरवलंस तर शॉकअप विकत घ्यायच्या आधी चारही माउंटिंगच्या जागा तारेच्या ब्रशने घासून पत्र्यापर्यंत जा आणि बोथट पेचकसाने टोचून बघ. पेचकस आत गेला तर आधी पत्र्याचं काम.

गाडी कशी चालणार आहे, ते प्रामाणिकपणे सांग

यावरच निर्णय ठरतो.

रविवारी सकाळी फेरफटका, वर्षातून एखादी रॅली, लग्नाला नवरा-नवरीची मिरवणूक, एवढंच असेल तर मूळ मापाचे नवे शॉकअप घे आणि विषय संपव. पद्मिनीची मजा तिच्या त्या लवचीक, किंचित डोलत्या चालीतच आहे. ती चाल मारून टाकायची होती तर नवी गाडीच घ्यायची होती.

गाडी लांब पळवणार असशील, म्हणजे मुंबई-गोवा महामार्गाने सिंधुदुर्ग, चार माणसं आणि सामान, आंबोली चढून बेळगाव, तर कमी दाबाच्या गॅस शॉकअपचा विचार करायला हरकत नाही. कशेडीच्या जुन्या घाटरस्त्याने आणि दुरुस्तीच्या पट्ट्यांतून तासन् तास चालताना फेस न होण्याचा फायदा खरोखर मिळतो. मात्र घट्टपणा मूळच्या जवळपासच असावा.

इंजिन बदललंय, चाकं रुंद केलीत, एसी बसवलाय, पुढचं वजन वाढलंय, तर मूळ शॉकअप त्या गाडीचा राहिलेलाच नाही. तिथे अपग्रेड ही हौस राहत नाही, गरज होते. पण तेव्हा स्प्रिंग, शॉकअप आणि ब्रेक यांचा एकत्र विचार कर, सुटा सुटा नाही.

परदेशी क्लासिकला वेगवेगळ्या घट्टपणाला लावता येणारे शॉकअप मिळतात. हॉलंडच्या कोनीचे जुन्या पद्धतीचे शॉकअप यासाठी प्रसिद्ध आहेत. ते गाडीवरून काढून, उभे धरून, पूर्ण दाबून, तळाच्या व्हॉल्व्हमध्ये खाच अडकली की हलक्या हाताने फिरवावे लागतात. नियम एकच : सगळ्यात मऊ जागेपासून सुरुवात, एका वेळी थोडंच, आणि डावा-उजवा अगदी सारखा. पहिल्या दिवशीच शेवटपर्यंत आवळणारा माणूस पैसे देऊन पाठदुखी विकत घेतो.

लिव्हरच्या शॉकअपची गाडी असेल तर

तुझ्या मित्राकडे मॉरिस मायनर आहे म्हणालास, त्यालाही हे वाचायला दे. मायनर, एमजीबी अशा इंग्रजी गाड्यांना नळीचे शॉकअप नसतात. ओतीव धातूची पेटी असते, तिच्यातून एक हात बाहेर येतो, आत तेल आणि पिस्टन. अशा गाडीवर नळीचे शॉकअप बसवायचे किट मिळतात आणि लोक ते फार उत्साहाने बसवतात. मागच्या बाजूला ते जमून जातं. मायनरच्या पुढच्या बाजूला मात्र त्या शॉकअपचा हात हाच सस्पेन्शनचा वरचा आर्म आहे. तो काढून फेकता येत नाही. किट लावलं तरी पेटी आर्मचा आधार म्हणून जागेवर राहतेच, आणि तिची शाफ्ट झिजलेली असेल तर चाकाचा कोनच डळमळतो.

त्याला सांग, आधी तेलाची पातळी बघ. भरणीचं झाकण खोलण्याआधी आजूबाजूची माती ब्रशने आणि रॉकेलने साफ कर, नाहीतर कचरा आत जातो. योग्य तेल भर, हात सावकाश वरखाली करून हवा काढ. शाफ्टपाशी गळती असेल तर नीट बुशिंग-सील करून देणाऱ्या माणसाकडे दे. या पेट्या खोलून दुरुस्त करण्यासाठीच बनवलेल्या आहेत. तिथे दुरुस्ती हाच अपग्रेड.

मापं घेतल्याशिवाय पैसे देऊ नको

'आयलेट जुळतंय, बसेल' हे वाक्य ऐकलंस की दुकानातून बाहेर पड. दुसऱ्या गाडीचा शॉकअप बसतो आणि तरी चुकीचा असतो. तीन मापं लिहून घे : पूर्ण दाबलेली लांबी, पूर्ण उघडलेली लांबी, आणि गाडी चारही चाकांवर उभी असताना वरच्या-खालच्या माउंटिंगमधलं अंतर. उभ्या गाडीत शॉकअप आपल्या चालीच्या साधारण मध्यावर असला पाहिजे.

शॉकअप लांब पडला तर बंप स्टॉप टेकायच्या आधी तो स्वतःच आतून तळाला आपटतो आणि दांडा वाकतो. आखूड पडला तर चाक खाली सुटताना तो ताणला जातो आणि माउंटिंग उपटतो. बसवल्यावर खात्री कशी करशील? दांडा उघडा असेल तर त्यावर सीलला टेकून प्लास्टिकचा झिप टाय बांध. एक चक्कर मारून ये. टाय जिथे सरकलेला दिसेल तिथपर्यंत शॉकअप दबला होता. मूळ धाटणीच्या शॉकअपवर पत्र्याचं आवरण असतं, दांडा दिसत नाही. तिथे बंप स्टॉपच्या रबराला खडू फास आणि परत आल्यावर खडू पुसलाय का बघ. खडू कधीमधी पुसला तर ठीक. प्रत्येक स्पीडब्रेकरला पुसला जात असेल, तर स्प्रिंगा बसल्यात किंवा माप चुकलंय.

बसवताना उभं राहून बघ

जोडीनेच बदल. पुढचे दोन, नाहीतर मागचे दोन. एक नवा आणि एक जुना कधीही नको, ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढली जाईल.

दुकानात आडवे पडलेले दोन नळ्यांचे शॉकअप थेट बसवू नकोस. आडवं पडल्यावर हवा आतल्या नळीत शिरते. उभा धर, दांडा सावकाश पूर्ण खेच, पूर्ण दाब. पहिल्या दोन-चार खेपांना मध्ये पोकळ झटका लागेल, तो जाईपर्यंत कर. मग आडवा न ठेवता तसाच बसव.

दांडा पकडीत धरून फिरवू देऊ नकोस कुणालाही. क्रोमवर पकडीचा एक ओरखडा आणि सील गेलं समज. वरच्या टोकाला पाना किंवा पेचकस धरायची सोय असते, ती वापरायला लाव.

शॉकअप सोडण्याआधी ॲक्सलखाली जॅक किंवा स्टँड असू दे. बऱ्याच गाड्यांत चाक किती खाली लोंबावं हे शॉकअपच ठरवतो. तो सोडला की ॲक्सल लटकतो आणि ब्रेकच्या होजवर ताण येतो. आणि केवळ जॅकवर उभ्या गाडीखाली जायचं नाही. हे मी प्रत्येक वेळी सांगणार.

रबर बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना शेवटचे आवळायचे नाहीत. आधी हाताने लाव, गाडी चाकांवर उतरव, दोनदा दाबून बसव, मग पूर्ण आवळ. हवेत आवळलेला बुश गाडी खाली आली की कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

आणि एका दिवसात एकच बदल. शॉकअप, कडक पॉलियुरेथेन बुश आणि नवे टायर एकदम टाकलेस, तर गाडी सुधारली कशामुळे आणि बिघडली कशामुळे, कळणार नाही.

काढलेलं भंगारात देऊ नको

गाडीला नवं भोक पाडावं लागतंय, ब्रॅकेट कापावा लागतोय, वेल्डिंग करावं लागतंय, असा अपग्रेड घेऊ नकोस. मूळ जागी, मूळ बोल्टवर बसेल तेवढंच. पुढचा मालक एका दुपारी गाडी पुन्हा मूळ रूपात आणू शकला पाहिजे.

याला व्यवहारी कारणही आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली आणि चॅसी, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नोंदणी १० वर्षांची, शुल्क २०,००० रुपये, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. अशी गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती अशा कामांपुरतीच. पद्मिनी हे नाव १९७४ चं, म्हणजे पहिल्या पद्मिन्या आता त्या वयाच्या झाल्या. शॉकअप बदलल्याने इंजिन-चॅसी बदलत नाही हे खरं, पण माउंटिंग कापलेली गाडी 'मूळ रूपात' आहे हे कुणाला पटवत बसणार? काढलेले शॉकअप पूस, दांड्याला तेल लाव, दाबून ठेवू नकोस, उभे ठेव, आणि कुठल्या बाजूचे ते चिठ्ठीवर लिहून बांध. चालत नसले तरी ठेव. पुढे नमुना म्हणून, मापासाठी, रंगाची छटा जुळवायला तेच लागतात.

माझं मत एका वाक्यात हवं असेल तर हे घे : पाटे, बुश, किंगपिन आणि टायर नीट कर, मग मूळ मापाचे, आजचे बनलेले, नामांकित ब्रँडचे चार शॉकअप टाक; लांबचा प्रवास खरोखर करणार असशील तरच कमी दाबाचे गॅसचे, आणि जास्त दाबाचे घट्ट शॉकअप पद्मिनीला नकोतच. यातून पैसे उरले तर ब्रेकवर खर्च कर. बसवून झाल्यावर ५०० किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा एकदा आवळून घे.